बटणावरचा शब्द

संगणकाच्या पडद्यावर उमटणारा प्रश्न आणि त्याखालच्या बटणांवरचे एकदोन शब्द हीसुद्धा एक संहिताच असते. तिचा अर्थ चुकला तर नुकसान मात्र वाचणाऱ्याचे होते.

अॅपलचा ‘लिसा’ संगणक १९८३ साली बाजारात आला. तो घडत असताना संमतीच्या बटणावर ‘डू इट’ अशी अक्षरे होती. ‘ओके’ फार बोलीतला वाटल्याने मागे पडला होता. लॅरी टेस्लर यांच्या चाचण्यांत नवखी माणसे या बटणापाशी बिचकत आणि ‘कॅन्सल’ दाबत. अखेर एकाने चिडून विचारले, हे यंत्र मला ‘डोल्ट’, म्हणजे मठ्ठ, का म्हणते? दोन शब्दांतली फट जेमतेम होती आणि त्या टायपात मोठा ‘आय’ छोट्या ‘एल’सारखा दिसत होता. अँडी हर्ट्झफेल्ड यांनी नोंदवलेल्या या प्रसंगानंतर ‘ओके’ परतला.

त्याने वाचनातला अडथळा गेला, अर्थातला नव्हे. ‘ओके’ आपला अर्थ वरच्या प्रश्नाकडून उसना घेतो. ‘ही नोंद रद्द करायची का?’ या प्रश्नाखाली ‘ठीक’ आणि ‘रद्द करा’ अशी बटणे असली, तर दुसऱ्याने नोंद रद्द होते की रद्द करण्याचा बेत?

प्रश्नच अपुरा असला तर काय होते, हे ऑगस्ट २०२० मध्ये सिटी बँकेत दिसले. रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचे सुमारे ७८ लाख डॉलर व्याज धनकोंना द्यायचे होते. मुद्दल बँकेच्याच अंतर्गत खात्यात वळवण्यासाठी ‘फ्लेक्सक्यूब’ या प्रणालीत ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’ या तिन्ही चौकटी भरणे आवश्यक होते. भरली गेली फक्त पहिली. पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचे का, असे प्रणालीने विचारलेही; किती पैसे, ते सांगितले नाही. व्याज बाहेर जायचेच होते, त्यामुळे होकार स्वाभाविक ठरला. तीन जणांच्या नजरेखालून सुमारे ९० कोटी डॉलर निघून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने बँकेविरुद्ध निकाल दिला. तो अपिलात फिरायला सप्टेंबर २०२२ उजाडले.

अशा चुकांना आपण वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा म्हणतो. पण त्या इशाऱ्यात रक्कम असती, किंवा आपल्या उदाहरणात ‘नोंद पुसा’ आणि ‘नोंद ठेवा’ अशी बटणे असती, तर वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागला नसता. संदिग्धता कवितेत रसिकाला अर्थ शोधण्याची मुभा देते. नोंदवहीत तीच मुभा धोक्याची ठरते.