दहीकाला : संहितेविना रंगणारी रात्र

मांद्रेसह पेडणे तालुक्यातील गावांत जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात होणारा दशावतारी नाट्यप्रयोग ‘दहीकाला’ म्हणून ओळखला जातो. तेरेखोल नदीपलीकडच्या सिंधुदुर्गातही हीच परंपरा नांदते. १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली येण्यापूर्वी पेडणे महाल सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता, हे येथे लक्षात घ्यावे.

प्रयोगाचा आरंभ पूर्वरंगाने, म्हणजे ‘आडदशावता​राने’ होतो. गणपती, ऋद्धी-सिद्धी व सरस्वती यांच्या आगमनानंतर वेद पळविणारा संकासुर अवतरतो. काळा वेष आणि लोंबती लाल जीभ असलेला हा असुर प्रेक्षकांना भिववितो त्याहून अधिक हसवितो. अखेर विष्णूच्या हातून त्याचा वध होतो. उत्तररंगात पुराणातील आख्यान रंगते. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुष करतात. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडे. तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. पहाटे दहीहंडी फुटली की प्रयोगाची सांगता होते.

या नाटकाला लिखित संहिता नसते. कथेचा आराखडा ठरवून नट आयत्या वेळी संवाद रचतात. त्यासाठी पुराणांची जाण आणि हजरजबाबीपणा दोन्ही लागतात. ही विद्या ज्येष्ठांचे प्रयोग पाहत आणि त्यांच्यासोबत उभे राहूनच अंगी बाणते. अलीकडे वेळेअभावी पूर्वरंग आटोपता घेतला जातो. रंगमंचावरून गळालेला असा प्रत्येक प्रवेश नव्या नटाच्या शिक्षणातूनही गळतो.