क्रियाविशेषणे, इंग्रजीतील

क्रियापद, विशेषण, दुसरे क्रियाविशेषण किंवा सबंध वाक्य यांविषयी अधिक माहिती देणारे शब्द. रीत, काळ, स्थळ, वारंवारता व प्रमाण हे त्यांचे नेहमीचे प्रकार. बरीच क्रियाविशेषणे विशेषणाला ‘ली’ जोडून होतात (क्विक–क्विकली). मात्र ‘फ्रेंडली’ हे विशेषणच आहे. ‘फास्ट’, ‘हार्ड’ बदलत नाहीत. जुन्या इंग्रजीत अशा क्रियाविशेषणांना ‘ए’ हा अंत्य स्वर असे. तो गळाल्यावर दोन्ही रूपे एक झाली. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो आणि ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळपास कामच करत नाही. हा फरक पहिल्याच धड्यात शिकवायला हवा.

मराठी विद्यार्थ्याला खरी अडचण येते ती जागेची. ‘ती इंग्रजी छान बोलते’ यात ‘छान’ क्रियापदाला खेटून येते. त्याच सवयीने ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’ असे लिहिले जाते. इंग्रजीत क्रियापद व कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण सहसा शिरत नाही; म्हणून ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’. ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ ही वारंवारतादर्शके मुख्य क्रियापदाआधी, पण ‘इज’, ‘आर’ यांच्यानंतर येतात: ‘ही ऑफन कम्स लेट’, ‘ही इज ऑफन लेट’. सहायक क्रियापदे एकाहून अधिक असल्यास पहिल्यानंतर.

मराठीत ‘कधीच’ला ‘नाही’ लागते. ‘नेव्हर’मध्ये नकार आधीच असल्याने प्रमाण इंग्रजीत ‘आय डोन्ट नेव्हर गो’ चुकीचे ठरते.