राजधानीबाहेरचा कोरिया आणि आपण

रायपूरच्या माणसापुढे ‘कोरिया’ हा शब्द उच्चारला, की त्याला आधी बैकुंठपूर आठवते. आपल्याच छत्तीसगढच्या उत्तरेला कोरिया नावाचे संस्थान होते आणि आज त्याच नावाचा जिल्हा आहे. इंग्रजांच्या दप्तरात या संस्थानाचे स्पेलिंग थेट त्या दूरच्या देशासारखेच लिहीत. प्रस्तुत लेख मात्र त्या दूरच्या कोरियाविषयी आहे. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत कोरिया कशासाठी, असा प्रश्न कुणाला पडेल. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी, मोदकाच्या ताटात मिळेल. तोवर वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

कोरिया म्हटले की आजच्या तरुण मंडळींच्या डोळ्यांसमोर सेऊल येते. उंच इमारती, मोटारी, मोबाइल आणि दूरदर्शनवरच्या मालिका. परंतु राजधानी पाहिली म्हणजे देश पाहिला असे होत नाही, हे आपणा रायपूरच्या मराठी मंडळींना वेगळे सांगायला नको. आपला छत्तीसगढमधला इतिहास रायपुरात सुरू झालेला नाही. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांची फौज या मुलखात आली ती रतनपूरला. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत कारभार केला तोही रतनपुरातूनच. इंग्रजांनी १८१८ मध्ये मुख्य ठाणे रायपूरला हलवले आणि रतनपूर मागे पडले. आज तिथे तळी, देवळे आणि महामाया आहे. ज्याने फक्त रायपूर पाहिले त्याला आपली कुळकथा अर्धीच कळली.

कोरियाचे रतनपूर म्हणजे केसाँग. गोर्यो घराण्याने सुमारे पावणेपाचशे वर्षे, इ. स. ९१८ पासून १३९२ पर्यंत, राज्य केले. त्या घराण्याची राजधानी केसाँग. ‘कोरिया’ हे नावच मुळी या ‘गोर्यो’वरून पडले. पुढे जोसॉन घराणे आले आणि १३९४ मध्ये राजधानी आजच्या सेऊलला गेली. केसाँगची सत्ता गेली, पण हाताची चव आणि व्यापाराची बुद्धी गेली नाही. तिथले व्यापारी देशभर नावाजलेले होते. ‘जिनसेंग’ या औषधी मुळीचा व्यापार त्यांच्या हाती होता. तिथली किमचीही वेगळी. कोबीच्या मोठ्या पानात भाज्या, फळे, सुकामेवा, मासे असे सारे बांधून त्याची पुरचुंडी मुरवत ठेवतात. १९५० चे युद्ध सुरू झाले तेव्हा केसाँग दक्षिण कोरियात होते. २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली तेव्हा ते उत्तरेच्या ताब्यात होते. एका रेघेने अख्खे शहर देश बदलून बसले. ज्या पानमुनजॉम येथे ही संधी झाली ते ठिकाण केसाँगच्या अगदी जवळचे. आणि इथेच आपला, म्हणजे भारताचा आणि एका मराठी माणसाचा, या कथेत प्रवेश होतो.

तत्पूर्वी एका वैद्यकीय तुकडीची नोंद करणे आवश्यक आहे. भारताने या युद्धात लढण्यासाठी सैन्य धाडले नाही. डॉक्टर धाडले. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० वी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स ही तुकडी नोव्हेंबर १९५० मध्ये पुसान बंदरात उतरली. लगेचच प्याँगयाँगहून माघार घेण्याची वेळ आली. वाहने मिळेनात आणि औषधे व शस्त्रक्रियेचे सामान टाकून जाणे त्यांच्या मनाला पटेना. तेव्हा या मंडळींनी एक बेवारस रेल्वे इंजिन शोधून काढले, त्यात वाफ धरली, स्वतःच ते चालवले आणि नदीवरचा पूल उडवला जाण्यापूर्वी सामानासकट पलीकडे पोहोचले. २३ मार्च १९५१ रोजी याच तुकडीतील काही जण अमेरिकन छत्रीधारी सैन्याबरोबर मुनसान या गावाजवळ विमानातून उतरले आणि जखमींवर उपचार केले. तुकडीचा दुसरा भाग देगू शहरात होता. तिथे कोरियन जवानांबरोबर सामान्य नागरिकांचीही शुश्रूषा होत असे. मुनसान हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

शस्त्रसंधी झाली, पण एक अवघड प्रश्न उरला. दोन्ही बाजूंकडे मिळून असे हजारो युद्धकैदी होते, की जे आपल्या देशी परत जायला तयार नव्हते. त्यांचे मत कोणी विचारायचे आणि तोवर त्यांना कोणी सांभाळायचे? यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. त्याचे अध्यक्ष होते आपले जनरल थिमय्या. कैद्यांच्या रखवालीसाठी ‘कस्टोडियन फोर्स ऑफ इंडिया’ हे दल गेले. त्याचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे. दलात इतर पलटणींबरोबर पॅराशूट रेजिमेंटची मराठा पलटणही होती.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतावर राग होता. भारतीय सैनिकाचे पाऊल आमच्या भूमीवर पडू देणार नाही, असा त्यांनी हट्ट धरला. तेव्हा इंचॉन बंदराबाहेर आपल्या जवानांना जहाजावरूनच अमेरिकन हेलिकॉप्टरांत बसवून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवण्यात आले. तिथल्या तळाला त्यांनी नाव दिले ‘हिंद नगर’. थोरातांच्या या जवानांच्या वाट्याला सेऊल आले नाही. काटेरी तारा, तंबू, ओसाड पडलेली शेते आणि हाडे गोठवणारी थंडी, एवढाच कोरिया त्यांच्या वाट्याला आला. आणि समोर बावीस हजारांहून अधिक बेघर माणसे.

सप्टेंबर १९५३ च्या चौथ्या आठवड्यातली गोष्ट. एक चिनी कैदी मायदेशी परत जायचे म्हणून भारतीय पहाऱ्याकडे पळून आला. तो आम्हाला परत द्या, म्हणून त्याच्या आवारातील इतर कैद्यांनी दंगा केला आणि मेजर ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्याला ओढून नेऊन ओलीस ठेवले. गोळीबार केला असता तर ग्रेवाल वाचले नसते आणि शेकडो कैदीही मेले असते. थोरात निःशस्त्र त्या आवारात शिरले. भोवती खवळलेला जमाव. सांगतात ते असे, की थोडा वेळ गोंगाट ऐकून घेतल्यावर थोरात पुढाऱ्यांना म्हणाले, मी तुमच्या दारी आलेला पाहुणा आहे, आलेल्या पाहुण्याला साधा चहा विचारण्याची तुमच्यात पद्धत नाही काय? पुढारी ओशाळले. चहा आला, सिगारेट आली. चहा घेतल्यावर बोलणे सुरू झाले आणि अखेर ग्रेवाल सुखरूप बाहेर आले. पळून आलेल्या कैद्याला थोरातांनी परत दिले नाही. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र (वर्ग दोन) देऊन गौरवण्यात आले.

या प्रसंगात युक्ती आहे खरी, पण नुसती युक्ती नाही. दारी आलेल्याला पाणी विचारावे, हा संस्कार वडगावचा आहे तसाच त्या कैद्यांच्या गावांचाही आहे, एवढी ओळख थोरातांना होती. ती कोणत्याही राजधानीत शिकवली जात नाही.

पुढे बहुतेक कैद्यांनी आपापला मार्ग निवडला आणि जानेवारी १९५४ मध्ये त्यांची सुटका झाली. परंतु ८८ जण असे निघाले, की ज्यांना उत्तरही नको होते आणि दक्षिणही. ते भारतीय दलाबरोबर भारतात आले. त्यांतले बरेच जण पुढे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, काही थोडे इथेच राहिले. चोई इन-हुन या लेखकाची १९६० मधील ‘चौक’ ही कादंबरी अशाच एका कैद्याची कहाणी आहे. तटस्थ देशाकडे निघालेल्या जहाजावरच तिचा शेवट होतो. आज कोरियात ती अभिजात मानली जाते. आपले गाव कोणते, हा प्रश्न आपण स्थलांतरित मंडळीही अधूनमधून स्वतःला विचारतो. सुदैवाने आपल्याला त्याचे उत्तर बंदुकीच्या पहाऱ्यात द्यावे लागले नाही.

गाव सुटले तरी चव सुटत नाही. कोरियाची चवही सेऊलबाहेरच ओळखावी. आपला छत्तीसगढ जसा धानाचा कटोरा, तसा त्या देशाच्या नैर्ऋत्येकडील होनामचा सपाट प्रदेश. तिथल्या जॉन्जू गावचा ‘बिबिंबाप’ प्रसिद्ध आहे. गरम भात, त्यावर मोड आलेले सोयाबीन, निरनिराळ्या भाज्या आणि मिरचीची आंबवलेली चटणी, सारे एकत्र कालवून खायचे. भांड्याच्या तळाशी लागलेल्या भाताच्या खरपुडीवर पाणी घालून उकळतात आणि ते जेवणानंतर पितात. छत्तीसगढी शेतकऱ्याच्या घरी बासी खाल्लेल्या माणसाला भाताचे पाणीसुद्धा वाया न घालवण्यामागची बुद्धी लगेच उमगेल. आंदोंग हे समुद्रापासून दूर वसलेले गाव. तिथवर मासा टिकावा म्हणून मीठ लावून आणत. तोच खारा बांगडा आज त्या गावची शान झाला आहे. आपल्यातील कोकणी मंडळींना हे वेगळे समजावण्याची गरज नाही! डोंगरातल्या बौद्ध मठांत मात्र मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही वर्ज्य. म्हणजे बारा महिने चातुर्मास. हाएइन्सा या अशाच एका मठात तेराव्या शतकात कोरलेले बौद्ध ग्रंथांचे ऐंशी हजारांहून अधिक लाकडी ठसे आजही जपून ठेवले आहेत.

आणि किमची? तिचा लाल रंग फार जुना नाही. मिरची अमेरिकेतली. पोर्तुगिजांनी ती आपल्याकडे आणली, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानमार्गे ती कोरियात पोहोचली, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्याआधीची किमची पांढरीच असे. हिवाळ्याच्या तोंडाशी सारी आळी मिळून वर्षाची किमची घालते. या प्रथेला युनेस्कोने २०१३ मध्ये दक्षिणेसाठी आणि २०१५ मध्ये उत्तरेसाठी अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. देश दोन, यादीत नोंदी दोन, पण बरणी एकच! उन्हाळ्यात वाड्यातल्या बायका मिळून पापड-कुरडया घालत, त्या दिवसांची आठवण व्हावी.

हा संबंध फार जुना आहे. आठव्या शतकात हेचो नावाचा कोरियन भिक्षू भारतात आला होता. त्याच्या प्रवासवर्णनाचे हस्तलिखित १९०८ मध्ये चीनमधील दुनहुआंगच्या गुहेत सापडले. दक्षिण भारतातल्या डोंगरात नागार्जुनाचा एक भव्य विहार असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. हेचोच्या आधी शतकभर ह्युएनत्संगाने नागार्जुनाच्या अशाच विहाराचे वर्णन केले, ते दक्षिण कोसलच्या, म्हणजे आपल्या या प्रदेशाच्या संदर्भात. सिरपूरचे भग्न विहार पाहताना ही आठवण जरूर ठेवावी.

आता मोदकाकडे वळू. कोरियन लोकांचा सर्वांत मोठा सण चुसॉक. तो त्यांच्या आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला येतो. अधिक महिन्याचा फरक पडला नाही, तर ती आपली भाद्रपदी पौर्णिमा. म्हणजे आपण अनंत चतुर्दशीला बाप्पांना निरोप देतो आणि त्याच सुमारास त्यांचा सण उजाडतो. त्या दिवशीचे पक्वान्न ‘सोंगप्यन’. तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ-मध किंवा डाळीचे सारण, आकार अर्धचंद्राचा, आणि पाइन झाडाच्या पानांवर वाफवायचे. उकडीचा मोदक, छत्तीसगढचा फरा आणि हा सोंगप्यन ही तीन भावंडे शोभावीत.

चुसॉकला सेऊल रिकामे होते. लाखो माणसे गाड्या भरभरून आपल्या मूळ गावी जातात, पूर्वजांच्या थडग्यांवरचे गवत कापतात आणि नव्या तांदळाचा नैवेद्य ठेवतात. तीजाला आपल्याकडच्या छत्तीसगढी लेकी माहेरी जातात, तशीच ही ओढ. परंतु ज्यांचे गाव रेघेच्या पलीकडे राहिले, त्यांनी कुठे जावे? ते मुनसानजवळच्या इमजिंगाक येथे जातात. जिथे १९५१ साली आपले डॉक्टर आकाशातून उतरले होते, तोच हा परिसर. तिथे १९८५ पासून एक वेदी आहे. म्हातारी माणसे तिच्यावर फळे व सोंगप्यन मांडतात आणि उत्तरेकडे तोंड करून नमस्कार करतात. दोन्ही बाजूंच्या ताटातुटीत सापडलेल्या कुटुंबांची शेवटची सरकारी भेट ऑगस्ट २०१८ मध्ये झाली. त्यानंतर नाही.

आपल्या घरातल्या जुन्या माणसांनी सातारा, नागपूर, कोकण सोडले त्याला पिढ्या झाल्या. तरी तिकीट काढले की दुसऱ्या दिवशी कुलदैवताच्या पायरीशी जाता येते. हे भाग्य केवढे मोठे आहे, ते इमजिंगाकच्या त्या वेदीवरून कळते. यंदा मोदकाला हात लावताना, आपल्याच भाद्रपदी चांदण्यात उत्तरेकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या माणसांसाठीही बाप्पांपाशी एक मागणे मागावे. विघ्नहर्त्याला सरहद्द कसली!

गणपती बाप्पा मोरया!