तासांची सनद

कोल्हापूरच्या तालमीत पठ्ठ्याची मेहनत जोर-बैठकांच्या संख्येवरून अजमावण्याचा शिरस्ता जुना असला, तरी खासबागेच्या मातीत उतरल्यावर ती संख्या कोणी विचारीत नाही. विमानविद्येचे दप्तर मात्र नोंदवहीत मुकर्रर तास भरल्याखेरीज उमेदवाराच्या हाती परवाना देत नाही. ज्या नगरीला शाहू छत्रपतींनी कुस्तीचे मैदान दिले, तिलाच त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज यांनी उजळाईवाडीच्या माळावर १९३९ साली विमानतळ दिला. आणि त्याच्या दोनच वर्षे आधी, १९३७ मध्ये, ब्रिटिश अंमलात ती विमान नियमावली जारी झाली होती, जिच्या परिशिष्टात वैमानिकाच्या तासांची मोजदाद स्वातंत्र्यानंतरही, दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या स्वीकारीत, चालू राहिली.

या मोजदादीप्रमाणे व्यावसायिक परवान्यास २०० तास लागतात, पैकी १०० विमानाची सूत्रे स्वतःकडे घेऊन. आणि प्रवासी विमानाच्या कप्तानास जो वरिष्ठ परवाना लागतो, त्यास १५००. रात्रीचे आणि केवळ उपकरणांच्या आधाराने केलेले उड्डाण निराळे मागितले जाते हे खरे. परंतु माघातल्या निरभ्र सकाळी माळावर घिरट्या घालण्यात गेलेला तास आणि आषाढात सह्याद्रीच्या ढगांतून वाट काढताना घामाघूम करणारा तास यांची बेरीज वहीत एकाच रकान्यात होते, आणि कारकुनी न्यायाला त्यात काही वावगे वाटत नाही.

अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोनजीक विमान कोसळून ५० माणसे दगावली, तेव्हा लोकक्षोभापुढे तेथील विधिमंडळाने पुढच्याच वर्षी कायदा केला, आणि ज्या सहवैमानिकास पूर्वी २५० तासांचा परवाना पुरे होता, त्यालाही २०१३ पासून, लष्करी सेवेसारखे काही अपवाद वगळता, १५०० तासांची अट लागू झाली. मौज अशी (मौज हा शब्द येथे क्रूर आहे, पण दुसरा सुचत नाही) की त्या दुर्दैवी विमानाच्या दोन्ही वैमानिकांच्या नावे १५०० हून पुष्कळ अधिक तास जमा होते.

आमच्याकडे तो कायदा आला नाही. कोल्हापूरचा उमेदवार बारामतीच्या वा गोंदियाच्या धावपट्टीवर, बापाने काढलेल्या कर्जाच्या व्याजासकट, एकेक तास जमवीत राहतो. आणि उजळाईवाडीहून झेपावणाऱ्या विमानात डावीकडे पंधराशेंची सनद बसलेली असते, उजवीकडे कदाचित नुकतीच दोनशेंची.