सनद आणि उजळणी

वकिलाला मिळते ती सनद आणि दुकानदाराला मिळतो तो परवाना, हा भेद आपल्या भाषेने जुन्या दप्तरांतून उचलून आजतागायत सांभाळला आहे. परवान्याला साधारणतः मुदत असते आणि ती सरली की अर्ज, फी आणि नवा कागद असा सारा शिरस्ता पुन्हा पाळावा लागतो. सनद मात्र एकदा हाती आली की धारण करणाऱ्याच्या नावाला जन्मभर चिकटून राहते. अमेरिकेत हौसेने विमान चालविणाऱ्या खाजगी वैमानिकाला सरकारकडून जो दाखला मिळतो, तो या अर्थाने सनदच होय, कारण त्यावर समाप्तीची तारीख घातलेली नसते. आणि तरीही दर चोवीस महिन्यांच्या आत त्या सनदधारकाला एखाद्या अधिकृत शिक्षकापुढे बसून आपली विद्या पुन्हा मांडून दाखवावी लागते. ती न दाखविली तर सनद पेटीत राहते आणि विमान हँगरात. कायदा या प्रघाताला ‘फ्लाइट रिव्ह्यू’ म्हणतो आणि वैमानिक आपसात ‘बीएफआर’ म्हणतात. मी त्याला उजळणी म्हणणार आहे, आणि हा शब्द निव्वळ सोयीसाठी निवडलेला नाही.

या उजळणीचे कूळ शोधू जाता प्रथम फ्रान्स लागतो. १९०९ साली तेथील एरो क्लबाने वैमानिकांना दाखले देण्यास आरंभ केला आणि पहिल्या क्रमांकाचा मान लुई ब्लेरिओ याला मिळाला. आरंभीचे दाखले नामवंतांना त्यांच्या पूर्वकीर्तीवरच देण्यात आले. पण लवकरच रीतसर परीक्षा ठरली, आणि तिचे स्वरूप आज वाचताना मन हरखते. उमेदवाराने एकट्याने विमानात बसावे, दोन खांबांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे घिरट्या घालाव्यात, ठराविक उंची गाठावी, आणि आधी नेमून दिलेल्या बिंदूपासून पन्नास मीटरांच्या आत विमान उतरवून थांबवावे. परीक्षक मात्र खाली गवतावर उभे राहून हे सारे पाहत. विमानात दुसरे माणूस नाही, विचारपूस नाही, आणि त्या एका दिवशी जे साधले तेवढ्यावर आयुष्यभराचा निर्वाळा. या फ्रेंच क्लबासारख्या राष्ट्रोराष्ट्रीच्या क्लबांना जोडणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या परंपरेतलाच एक दाखला १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत जुहूच्या फ्लाइंग क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना मिळाला, आणि हिंदुस्थानात दिलेल्या दाखल्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

अमेरिकेत सरकारने या मामल्यात हात घातला तो १९२६च्या हवाई व्यापार कायद्याने. त्या कायद्यान्वये नेमलेले पहिले अधिकारी विल्यम मॅक्रॅकन यांनी पहिल्या क्रमांकाचा सरकारी परवाना ऑर्व्हिल राइट यांना देऊ केला, आणि ऑर्व्हिल यांनी तो नम्रपणे नाकारला. आपण आता विमान चालवीत नाही, मग परवान्याचे प्रयोजन काय, असा त्यांचा एक विचार होता. एप्रिल १९२७ मध्ये तो क्रमांक मॅक्रॅकन यांनी स्वतःकडे घेतला. मानवजातीला उड्डाण शिकविणाऱ्या पुरुषाने ‘जो उडत नाही त्याला कागद कशाला’ असे मानावे, यात मला पुढील सगळ्या प्रघाताचे बीज दिसते. कागद कीर्तीसाठी नसून चालू असलेल्या कर्मासाठी आहे, हे त्या नकारात आले. मात्र ते कायद्यात उतरायला पुढे जवळजवळ अर्धशतक जावे लागले.

मधल्या काळात एक दारुण प्रसंग घडला, तो येथे सांगितलाच पाहिजे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतील राइट फील्डवर बोइंग कंपनीचे ‘मॉडेल २९९’ हे चार इंजिनांचे प्रचंड विमान सरळ वर चढत गेले, थबकले आणि कोसळले. त्यात मेजर प्लॉयर हिल मृत्यू पावले आणि बोइंगचे चाचणीवैमानिक लेस्ली टॉवर काही दिवसांनी जखमांनी गेले. विमान उभे असताना वाऱ्याने शेपटीचे पृष्ठभाग हलू नयेत म्हणून लावलेला अडसर उड्डाणापूर्वी काढायचा राहून गेला होता. नवशिक्याची ही चूक नव्हती. सैन्याच्या उड्डाणशाखेतल्या अत्यंत अनुभवी माणसांची ती विस्मृती होती. या अपघातातून वैमानिकांची लेखी टिपणयादी रुजली, जी आज जगातल्या प्रत्येक विमानात वाचली जाते. अनुभव विस्मृतीपासून रक्षण करतोच असे नाही, हे सत्य एकदा मान्य झाल्यावर प्रत्येक उड्डाणापूर्वीची यादी आणि ठराविक काळानंतरची उजळणी ही दोन्ही एकाच घरची भावंडे ठरतात.

अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने १९७३ साली वैमानिकविषयक नियम नव्याने बांधले, आणि त्यांत असे कलम घातले की १ नोव्हेंबर १९७४ नंतर मागील चोवीस महिन्यांत उजळणी झाल्यावाचून कोणी विमानाचे नेतृत्व करू नये. उजळणीत काय असावे? उड्डाणाच्या सर्वसाधारण नियमांची चर्चा, आणि शिक्षकाच्या विवेकाला आवश्यक वाटतील तेवढ्या कसरती, एवढेच. पुढे किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत, अशी मर्यादा घातली गेली. मला सर्वांत मोलाचे वाटते ते या कलमातील मौन: त्यात उत्तीर्ण नाही आणि अनुत्तीर्णही नाही. शिक्षकाचे समाधान झाले नाही, तर तो वैमानिकाच्या नोंदवहीत अपयश लिहीत नाही. तेवढा वेळ शिकविले, अशी साधी नोंद करतो, आणि पुन्हा एखाद्या दिवशी उरलेले पुरे करतात. सनद काढून घेण्याचा अधिकार या बैठकीला नाही.

म्हणूनच तिची तयारी परीक्षेच्या तयारीहून वेगळी असते. आपल्याकडे दिवेलागणीला मुले परवचा म्हणत, आणि घासूनपुसून उजळलेल्या समईच्या प्रकाशात पावकी-निमकीचे पाढे ओठांवर येत. ते येतात की नाही हे ताडणारे आजोबा शिक्षा करायला बसलेले नसत. तसाच वैमानिक आदल्या संध्याकाळी नोंदवही उघडतो. गेल्या वर्षभरात किती तास उडालो, आडव्या वाऱ्यात शेवटचे उतरणे केव्हा झाले, वैद्यकीय प्रमाणपत्र जिवंत आहे की नाही, विमानाची नोंदणी व योग्यतेचे कागद जागच्या जागी आहेत की नाही, हे तो पाहतो. मग नियमांची पुस्तिका. ज्याने १९८०च्या सुमारास सनद मिळविली, त्याला सप्टेंबर १९९३ मध्ये अमेरिकेचे आकाश अक्षरांच्या वर्गांत नव्याने विभागले गेले हे नव्याने शिकावे लागले, आणि २०२० पासून बऱ्याच आकाशात आपले स्थान आपोआप प्रक्षेपित करणारे यंत्र विमानात असणे सक्तीचे झाले तेव्हा तेही. आकाश तेच, पण त्याचे महसूल-नकाशे बदलत राहतात.

हवेतल्या तासात शिक्षक बहुधा पंचेचाळीस अंशांचे झुकलेले वळण मागतो आणि उंची शंभर फुटांहून ढळली की नाही हे शांतपणे पाहतो. विमान मंदावून पंखांची उचल सुटण्याच्या काठावर आणायला लावतो, कारण त्या क्षणी नाक वर खेचण्याची मनुष्यस्वभावाची ओढच घातक असून ते खाली सोडणे हे शिकूनच अंगी येते. आणि मग, गप्पांच्या ओघात, तो इंजिनाची शक्ती आवरून घेतो. आता वैमानिकाने उत्तम तरंगण्याचा वेग धरायचा, जो सेस्ना १७२च्या अनेक आवृत्त्यांत ६५ नॉटच्या आसपास असतो, शेत निवडायचे, वारा कोणीकडून आहे ते ओळखायचे आणि यादी म्हणायची. ज्याने आदल्या संध्याकाळी खुर्चीत डोळे मिटून हा क्रम दहा वेळा मनात फिरविला असेल, त्याचे हात येथे आपोआप योग्य जागी जातात.

उजळणी झाली की शिक्षक नोंदवहीत दोन ओळी लिहून सही करतो. १० मार्चला झालेली उजळणी दोन वर्षांनंतरच्या ३१ मार्चपर्यंत चालते, कारण कायदा दिवस मोजत नाही, महिने मोजतो.