करजणचा कापूस आणि घरातले मणी

बडोदे संस्थानातील करजणची ख्याती कानम भागाच्या काळ्याभोर जमिनीमुळे आणि त्या जमिनीतील कपाशीमुळे. १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत, डभोई ते करजणलगतचे मियागाम अशी अरुंद रुळांची वाट झाली, तिच्यावरून प्रारंभी बैलच डबे ओढीत. कापसाच्या गाठींचा हिशेब दफ्तरांत राहिला. परंतु संस्थानच्या चाकरीनिमित्त गुजराथेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत मूठभर कापसाचे जे होई, त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही, आणि मला तर तोच इतिहास अधिक मोलाचा वाटतो.

सरकी काढलेला पेळू दोन्ही हातांनी हलकेच ओढीत, ठरावीक अंतरावर दुधाच्या बोटाने चिमटीत पीळ देऊन, त्या पिळावर ओले कुंकू टेकविले की गौरी-गणपतीचे गेजवस्त्र सिद्ध होई. चरखा नाही, टकळी नाही, साधन केवळ बोटे. सुटीत मुली आजोळी जमल्या म्हणजे तुटलेल्या माळांचे काचमणी निघत, आणि एकाच मण्यातून दोन्ही बाजूंनी दोन सुया ओवून दोरा आवळला की जाळीचे एक घर पुरे होई. असल्याच रंगीत काचमण्यांना खंडेरावांनी बसऱ्याच्या मोत्यांशेजारी आपल्या विख्यात मोत्यांच्या चादरीत स्थान दिले होते. शेजारच्या गुजराथी घरांतील मोतीभरताची तोरणे पाहून नमुना उचलण्यास या मुलींस कोणाची परवानगी लागत नसे. रुखवतात मात्र ते तोरण मराठी म्हणूनच मांडले जाई.