टाइप घासणारा मुलगा

मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये महिना दोन रुपयांवर टाइप घासणारा एक गरीब मुलगा होता, जावजी दादाजी. मी पुण्यातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे टाइप, जुळवणारा जुळारी म्हणून कामाला लागलो तेव्हा जुने जुळारी हे नाव मोठ्या मानाने घेत. पुढे इतर छापखान्यांत नोकऱ्या करून जावजींनी १८६४मध्ये स्वतःचा टाइपचा कारखाना काढला आणि १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरं कोरायला राणूजी रावजी आरू होते. त्या अक्षरांचं वळण पाहून मला आजही समाधान वाटतं.

त्याच मिशन प्रेसमधून जावजींच्या आधी गणपत कृष्णाजी बाहेर पडले होते. मिशनरी आपल्या धर्माची पुस्तकं छापतात, तशी आपलीही छापली जावीत, हा त्यांचा ध्यास. शाई स्वतः बनवली, शिळाप्रेस उभारला आणि १८३१मध्ये पंचांग छापलं.

छापखाना एकच, पण तिथून गणपत कृष्णाजींनी उचललं ते काय छापावं याचं भान आणि जावजींनी उचललं ते अक्षर कसं असावं याचं. माझ्यावर काम निवडायची वेळ आली तेव्हा या दोघांचाच विचार मनात होता.

आमच्या छापखान्यात संगणक आले. शिशाचे खिळे वजनावर विकले गेले, लाकडी केस रिकाम्या झाल्या. मालकांनी मला बाहेर फिरून छपाईची कामं आणायला सांगितलं; पगार चांगला होता. मी आधीची सगळी कामं आठवून पाहिली. उमेदवारीत छापून झालेला मजकूर मोडून खिळे ज्याच्या त्याच्या खणात टाकायचो. मग जुळणी आली. तिथे शाबासकी मिळे ती वेगाची. पण कुणी न सांगता मी थांबायचो ते दुरुस्तीला. चुकीची वेलांटी चिमट्याने उचलायची, योग्य खिळा बसवायचा, ओळ पुन्हा घट्ट करायची. वाचणाऱ्याच्या हाती शुद्ध मजकूर जावा, हे मला मनापासून हवं असायचं.

निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं विद्वानांनी डोळे मिटून विश्वासाने घेतली, त्यामागे हेच होतं. १८८६पासून निघालेल्या ‘काव्यमाले’साठी पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी पाठ तपासण्यात आयुष्य वेचलं. मालकांनी सांगितलेलं काम सोडून मी कमी पगारावर मुद्रितशोधक झालो, तो या वाटेवरचा मान मोठा वाटला म्हणून.

आता नोकरी बदलायला निघालेली मुलं सल्ला विचारतात. मी त्यांना पगाराच्या आधी मागच्या कामांचा हिशेब मांडायला सांगतो: कोणतं काम वरिष्ठ पाहत नसतानाही नीट केलंत? कशात खोट राहिली की झोप लागत नसे? टाइप घासता घासताच जावजींना अक्षराचा लळा लागला असणार, असं मी मानतो. साध्यातल्या साध्या नोकरीतही आपल्याला काय मोलाचं वाटतं ते कळतं, आणि ते कळलं की पुढची नोकरी निवडताना माणूस डगमगत नाही.